रबराचं वय

खाप्याच्या आसपासची बरीच जमीन काळी, कपाशीची. नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीकाठचं हे गाव विणकरांचं म्हणून जुन्या काळापासून ओळखलं जातं. जवळच गुमगावची मॅंगनीजची खाण आहे. जुलैत या काळ्या मातीत पाणी मुरलं, की ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरू लागतात. इंजिनात जोर भरपूर असतो, पण तो जमिनीपर्यंत पोचत नाही. यावरचा उपाय शेतकऱ्याला ठाऊक आहे. मागच्या टायरांत तो पाणी भरतो. टायरची पाऊण पोकळी पाण्यानं भरली, की आकारानुसार एकेका चाकावर दीडशे ते अडीचशे किलो वजन वाढतं आणि नांगर पुन्हा ओढला जातो.

चाक जमिनीला किती जोरानं ढकलू शकेल हे इंजिनावर ठरत नाही. चाकावर किती भार आहे आणि रबर व जमीन यांच्यात किती घर्षण आहे, या दोन गोष्टींवर ते ठरतं. ट्रॅक्टरवाल्यानं पहिली गोष्ट वाढवली. जुन्या, ताकदवान स्पोर्ट्स कारच्या मालकाला ती वाट बंद आहे, कारण वजन वाढवलं की त्या गाडीचं सगळं मर्मच जातं. त्याच्या हाती उरतं ते रबर. मोटारींच्या गप्पांत अश्वशक्तीवर तासन्‌तास बोललं जातं, रबराकडे मात्र कुणी फारसं वळत नाही. या प्रकरणात आपण नेमकं तिकडे वळणार आहोत.

मराठी माणसाला ‘जुनी, ताकदवान स्पोर्ट्स कार’ म्हटल्यावर पहिली आठवते ती सचिन तेंडुलकरची लाल फेरारी. २००२ मध्ये सचिननं डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट कंपनीनं त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली आणि सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला मिळाली. पुढे आयात शुल्काच्या माफीवरून वाद पेटला आणि अखेर शुल्क फियाटनं भरलं. २०११ मध्ये सचिननं ती विकली. वर्तमानपत्रांनी या गाडीची किंमत छापली, शुल्क छापलं. पण तिच्या खालच्या चार टायरांबद्दल कुणी काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

ही गाडी आपल्या हिशेबासाठी फार सोयीची आहे. इंजिन ३.६ लिटरचं, व्ही-८, चालकाच्या पाठीमागे बसवलेलं. ताकद ४०० अश्वशक्ती. गाडीचं वजन सुमारे १४०० किलो, चालक आणि पेट्रोल धरून १५०० समजू. त्यातलं ५७ टक्के मागच्या चाकांवर, म्हणजे साधारण ८५० किलो. पुढचे टायर २१५ मिलिमीटर रुंद, मागचे २७५. ओढण्याचं काम फक्त मागच्या दोन चाकांचं.

आता ढोबळ गणित करू. ८५० किलो म्हणजे जवळपास ८,३०० न्यूटन भार. कोरड्या, चांगल्या डांबरावर नव्या स्पोर्ट्स टायरचा घर्षणांक १ च्या आसपास असतो, म्हणजे मागची चाकं जास्तीत जास्त ८,३०० न्यूटन जोरानं गाडी पुढे ढकलू शकतात. वेग घेताना भार थोडा मागे सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा वाढतो. तो फरक सध्या बाजूला ठेवू. गिअरबॉक्समधली गळती वजा जाता चाकांपर्यंत २५० किलोवॉट पोचतात असं मानलं, तर ताकदीला जोरानं भागून वेग मिळतो सेकंदाला ३० मीटर, ताशी सुमारे १०८ किलोमीटर. याचा अर्थ असा, की योग्य गिअरमध्ये या वेगाच्या खाली केव्हाही पाय पूर्ण दाबला, तर इंजिन टायरवर मात करू शकतं.

टायर जुना, कडक झालेला असेल आणि घर्षणांक ०.७ वर आला असेल, तर हीच सीमा ताशी १५५ किलोमीटरच्या आसपास जाते. रस्ता ओला असून घर्षणांक ०.५ झाला, तर २१५ च्याही पुढे. गाडी तीच, इंजिन तेच, चालकही तोच. टायर बदलला किंवा पाऊस पडला एवढ्यानं, ज्या वेगापर्यंत उजव्या पायाची चूक महागात पडू शकते तो वेग दुप्पट झाला. आजच्या गाडीत संगणक हे ओळखून क्षणार्धात इंजिनाचा जोर कमी करतो. ३६० मोडेनातही चाक घसरू न देणारी तशी यंत्रणा होती, पण त्या काळातली. १९९२ ची डॉज व्हायपर याहून उघडीवाघडी होती. ८ लिटरचं व्ही-१० इंजिन, ४०० अश्वशक्ती, मागे ३३५ मिलिमीटर रुंदीचे टायर, आणि ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणासुद्धा नाही. अशा गाडीत चालक आणि रस्ता यांच्यामध्ये दुसरा कुणी नसतो. जे काही असतं ते रबरच.

रुंदीवरून आठवलं. ‘टायर रुंद केला की रस्त्याला जास्त टेकतो’ हे गॅरेजांत सर्रास ऐकायला मिळतं. ते जवळपास चूक आहे. टायर गाडीला तोलून धरतो तो मुख्यतः आतल्या हवेच्या दाबानं. भार भागिले दाब म्हणजे टेकलेलं क्षेत्रफळ, असा साधा हिशेब. फेरारीच्या मागच्या एका टायरवर ४२५ किलो, दाब ३४ पीएसआय, तर टेकलेली जागा साधारण १८० चौरस सेंटिमीटर. चारही टायरांची मिळून ६३० च्या आसपास. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ ६२४ चौरस सेंटिमीटर असतं. ४०० अश्वशक्ती आणि चालकासकट दीड टन वजन एवढ्या जागेवर उभं असतं. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, आकार बदलतो. लांबट पट्टा आडवा होतो. वळणावर त्याचा फायदा मिळतो, आणि रुंद टायरला मऊ रबर वापरता येतं हा दुसरा फायदा. पण पावसात तोच रुंद टायर पाण्यावर लवकर चढतो. नुसती रुंदी वाढवून पकड विकत घेता येत नाही.

मग ती येते कुठून? शाळेत शिकवलेला नियम सांगतो, की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं आणि क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. गियोम आमोंतों यांनी तो १६९९ मध्ये मांडला. लाकूड-लोखंडाला तो बऱ्यापैकी लागू पडतो, रबराला मात्र नाही. रबरावर भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते. ही एकच गोष्ट नीट समजली, तर सस्पेन्शनबद्दलचे निम्मे वाद मिटतील. वळणावर गाडी कलते, बाहेरच्या चाकांवर भार चढतो, आतल्यांवरचा उतरतो. बाहेरच्या चाकाला मिळालेली जादा पकड आतल्या चाकानं गमावलेल्या पकडीपेक्षा कमी असते, म्हणजे एकूण तोटाच. म्हणून चारही चाकांवर भार जितका समान राहील तितकी गाडी रस्त्याला धरून चालते.

रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. पहिली, चिकटण्याची. रबराचे लांबलचक रेणू डांबरातल्या खडीला अगदी जवळून भिडतात, क्षणभर धरतात, ताणले जातात आणि सुटतात. यासाठी पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा लागतो. कन्हानची रेती वाहून नेणाऱ्या ट्रकमधून सांडलेले कण, खाणीकडच्या वाटेवरची काळपट धूळ, पहिल्या पावसात वर आलेलं तेल, यांतलं काहीही मध्ये आलं की ही पकड नाहीशी होते. दुसरी तऱ्हा रुतण्याची. खडीच्या टोकांवर रबर दबतं आणि लगेच पूर्ववत होत नाही. टोकाच्या एका बाजूला ते अजून दबलेलं असतं, दुसऱ्या बाजूला नुकतं भिडत असतं. या उशिरामुळे पुढे जाण्याला विरोध होतो आणि थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. ओल्या रस्त्यावर आपण मुख्यतः या दुसऱ्या तऱ्हेवर जगतो.

ही दुसरी तऱ्हा तापमानावर अवलंबून असते. रबर फार थंड असेल तर ते कडक होतं, खडीच्या बारीक खाचांत शिरत नाही. फार तापलं तर त्याची धरून ठेवण्याची ताकदच कमी होते. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात ते उत्तम काम करतं, आणि हा पट्टा कुठे असावा हे रसायन ठरवतं. १९९२ मध्ये मिशेलिननं काजळीच्या जोडीला सिलिका वापरून टायर बाजारात आणले. ओल्या रस्त्यावरची पकड टिकवून टायर फिरताना होणारा विरोध कमी करणं त्यामुळे शक्य झालं. १९९० नंतरच्या टायरांत जी प्रगती झाली तिचा मोठा वाटा या पांढऱ्या भुकटीचा आहे. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीला आजच्या रसायनाचा टायर मिळाला, की ती तिच्या तरुणपणी धावली त्याहून चांगली धावते.

आता नागपूरच्या हवेकडे या. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश सेल्सियस नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश. (मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं दाखवलेले ५६ अंश हवामान खात्यानंच सदोष ठरवले, त्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत.) मेच्या दुपारी उन्हातलं डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. उन्हाळी स्पोर्ट्स टायर ७ अंशांच्या खाली वापरू नका असं टायर-कंपन्या सांगतात. हे युरोपातल्या लोकांसाठी असेल असं वाटतं, पण डिसेंबरच्या पहाटे खाप्याहून सावनेरकडे निघालेल्या माणसालाही ते लागू आहे. पहिले दहा-पंधरा किलोमीटर टायर गार असतात. त्या वेळात अशा गाडीत पाय पूर्ण दाबू नये.

पण ऊन जे खरं नुकसान करतं ते दिसत नाही. रबर म्हातारं होतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलेल्या प्रक्रियेत गंधक आणि उष्णता वापरून रबराचे रेणू एकमेकांना जोडले जातात. ही जोडणी कारखान्यात संपत नाही. ऊन आणि प्राणवायू यांच्यामुळे ती पुढे चालूच राहते, आणि ओझोन पृष्ठभागावर भेगा पाडतो. जोडण्या वाढत जातात, रबर कडक होतं, त्याची लवचीकता संपते. कंपासपेटीत दोन वर्षं पडून राहिलेलं खोडरबर आठवा. दिसायला तेच, पण कागदावर नुसतं घसरतं आणि डाग पाडतं. टायरमध्ये याला आळा घालण्यासाठी मेण आणि ओझोनरोधक रसायनं घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, उलगडतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. जो टायर फिरतच नाही, त्याच्या पृष्ठभागावर ती नीट येत नाहीत.

जुन्या स्पोर्ट्स कारची अडचण नेमकी इथे आहे. ती वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालते, एरवी झाकून ठेवलेली असते. दहा वर्षांनी तिच्या टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी खोल असते. आपल्याकडे टायरची परीक्षा खाचेत बोट घालून होते. टायर गोटा झाला म्हणजे बदलायचा. कायद्याचा किमान दंडकही खाचेच्या खोलीचाच आहे, आणि टायरच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या त्यासाठीच असतात. रोज धावणाऱ्या टॅक्सीला ही परीक्षा पुरते. झाकून ठेवलेली फेरारी मात्र त्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल आणि पहिल्या वळणावर मालकाला दगा देईल.

३० नोव्हेंबर २०१३ ला हॉलिवूडचा नट पॉल वॉकर कॅलिफोर्नियात अपघातात गेला. तो शेजारच्या सीटवर होता. गाडी २००५ ची पोर्शे करेरा जीटी, सहाशेहून अधिक अश्वशक्तीची, घसरताना सावरणारी आधुनिक यंत्रणा नसलेली. तपासात वेग ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान आढळला. त्या रस्त्यावर मर्यादा ७२ ची होती. मृत्यूचं कारण अर्थातच तो वेग. पण तपास अधिकाऱ्यांनी आणखी एक नोंद केली : टायर नऊ वर्षांहून जुने होते आणि त्यामुळे गाडीच्या वागण्यावर परिणाम झाला असू शकतो.

याच गाडीची दुसरी गोष्ट २०२४ मधली. मिशेलिननं करेरा जीटीसाठी आजच्या रसायनाचे नवे टायर तयार केले. यॉर्ग बर्गमाइस्टर या चालकानं ते चढवून जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगची २०.८ किलोमीटरची जुनी फेरी ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत पुरी केली. वीस वर्षांपूर्वी याच मॉडेलनं वॉल्टर रोर्लच्या हातात तिथे ७ मिनिटं २८ सेकंद घेतले होते. वीस वर्षांनी म्हातारी झालेली गाडी पंधरा सेकंदांहून अधिक पुढे. मोटारशर्यतीत एकेक दशांश सेकंदासाठी कोट्यवधी खर्च होतात हे ध्यानात घेतलं, की या आकड्याचं मोल कळतं. मला स्वतःला या विषयात याहून बोलका पुरावा दुसरा माहीत नाही.

उष्ण प्रदेशात हे म्हातारपण लवकर येतं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं एका मोठ्या विमा कंपनीचे दावे तपासले. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, लुइझियाना आणि टेक्सस या पाच उष्ण राज्यांत कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरांशी संबंधित ७७ टक्के दावे तिथून आले होते. त्यांतल्या ८४ टक्के दाव्यांत टायर सहा वर्षांहून जुने होते. विदर्भाचा उन्हाळा ॲरिझोनाच्या जवळचा आहे. ‘दहा वर्षं चालतो’ हा थंड देशातला हिशेब नागपूर जिल्ह्यात लावू नये. ताकदवान गाडीला मी सहा वर्षांचीच मर्यादा मानेन, आणि गाडी उन्हात उभी राहत असेल तर त्याहून कमी.

टायरचं वय ओळखणं सोपं आहे. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा आहे; तो गाडीवरून उतरवावा आणि पुन्हा कोणत्याही गाडीवर चढवू नये. ही ओळ बरेचदा टायरच्या आतल्या बाजूला येते, म्हणून गाडी उचलून बघावी लागते. टायर विकत घेताना दुकानातच ही तारीख वाचावी. ‘नवा’ म्हणून मिळणारा टायर गोदामात तीन वर्षं पडलेला असू शकतो.

इथे खाप्याच्या विणकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या टायरांना आकार धरून ठेवायला आत सुती कापड लागायचं. ते कापड हातमागावरच्या कापडासारखं ताण्या-बाण्याचं होतं. चाक फिरलं की ताण्याचा धागा बाण्याच्या धाग्यावर घासायचा, कापड तापायचं आणि आतून कापलं जायचं. बाणा काढून टाकला, नुसते समांतर दोरे रबरात बुडवले आणि एकावर एक थर तिरपे बसवले, तेव्हा टायरचं आयुष्य वाढलं. त्या दोऱ्यासाठी लांब धाग्याचा कापूस लागे. तो पिकवायला गुडइयर कंपनीनं १९१७ मध्ये ॲरिझोनात जमीन घेतली आणि तिथे वसलेल्या गावाला आजही गुडइयर हेच नाव आहे. पुढे रेयॉन, नायलॉन आणि पोलाद आलं. १९४६ मध्ये मिशेलिननं तिरपे दोरे सोडून ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ नेले, वरून पोलादी पट्टा बांधला, आणि रेडियल टायर जन्माला आला. तिरप्या दोऱ्यांच्या टायरमध्ये भिंत वाकली की रस्त्यावरचा भागही वाकतो. रेडियलमध्ये भिंत वाकते आणि रस्त्यावरचा भाग सपाट टेकलेला राहतो. १९६० च्या आधीच्या गाडीला पकड द्यायची असेल, तर तिरप्या दोऱ्यांवरून रेडियलवर येणं हा एकच बदल बाकी सगळ्यांहून मोठा ठरतो. मात्र एका गाडीवर दोन्ही जाती मिसळायच्या नाहीत.

टायर नवे आले की पुढचं काम हवेचं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असा सल्ला महाराष्ट्रभर मिळतो. तो धोक्याचा आहे. हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, वाकणं म्हणजे उष्णता, आणि उष्णतेनं आतले थर सुटतात. टायर फुटण्याचं हे एक मोठं कारण आहे. समृद्धी महामार्गावर नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. ताशी १२० ची मर्यादा, सलग काँक्रीट, आणि पुढच्याच वर्षी परिवहन विभागाला प्रवेशाजवळ टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. तापमान पाच-साडेपाच अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआयनं वाढतो, तेव्हा दुपारी जास्त दिसलेली हवा काढून टाकायची नाही. नायट्रोजन भरला तरी हाच नियम लागू. साधी हवाही ७८ टक्के नायट्रोजनच असते.

पाण्यावर टायर चढण्याचा वेगही दाबाशी बांधलेला आहे. १९६० च्या दशकात नासातल्या प्रयोगांतून एक सूत्र निघालं. त्यानुसार ३२ पीएसआयचा गोटा टायर खोल पाण्यावर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो, ४० पीएसआयचा १०५ च्या आसपास. खाचा असतील तर पाणी निघून जायला वाट मिळते. शर्यतीसाठीचे जवळजवळ बिनखाचांचे टायर चढवून पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी हे दोन आकडे गाडीत लिहून ठेवावेत.

टायर कितीही चांगला असला, तरी तो रस्त्यावर टेकलेला राहायला हवा. ते काम शॉक-ॲब्सॉर्बरचं. जुन्या गाडीत त्यांच्यातलं तेल गळलेलं असतं. मग चाक प्रत्येक उंचवट्यावर उडतं, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुशसुद्धा टायरइतकेच म्हातारे झालेले असतात. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचं अलाइनमेंट अचूक दिसतं, पण पाय दाबला की सैल बुशमधून चाक स्वतःची दिशा बदलतं. माझ्या मते नवे बुश आणि नवे शॉक-ॲब्सॉर्बर हा जुन्या गाडीवरचा सर्वांत कमी कौतुक होणारा आणि सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च आहे. एक चाक घसरलं की दुसऱ्याचाही जोर जाऊ नये म्हणून लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल असतं. त्यातल्या चकत्या झिजल्या असतील, तर नवे टायर घालूनही एकच चाक फिरत राहील.

दोनच टायर घ्यायची वेळ आली तर ते मागे चढवावेत. आपल्याकडे मेकॅनिक हौसेनं नवे टायर पुढे लावतात. पुढचं टोक घसरलं तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागचं टोक घसरलं तर ती गोल फिरते, आणि त्यातून सावरणं सराईत चालकांनाही अवघड जातं.

टायर निवडताना भिंतीवरचे झीज-अंक बघता येतात. २०० अंकाचा टायर मऊ आणि लवकर झिजणारा, ४०० चा टिकाऊ. हे अंक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यांवरून करू नये. शेजारचं ‘एए’ किंवा ‘ए’ हे अक्षर ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगपुरतंच असतं. वळणाबद्दल ते काही सांगत नाही. फेरारी आणि पोर्शे आपल्या पसंतीच्या टायरांवर खूण करून घेतात, पिरेलीच्या टायरवर ‘के १’ ही फेरारीची आणि ‘एन’ नंतर आकडा ही पोर्शेची. तोच आकार, तेच नाव, पण आतलं रसायन वेगळं असू शकतं. भारतात अडचण अशी, की जून २०२० पासून टायरांच्या आयातीवर निर्बंध आले आणि जुन्या गाड्यांच्या विचित्र आकारांचे टायर मिळणं कठीण झालं. १८ इंची चाकाचे आकार प्रयत्नानं मिळतात, १५ किंवा १६ इंची रुंद आकारांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. म्हणून जुने टायर पाचव्या वर्षात गेले, की नव्यांचा शोध सुरू करावा. सहावं उलटल्यावर नाइलाजानं त्यांच्यावरच फिरायची वेळ मग येत नाही.

नवे टायर चढवले त्या दिवशी गाडी जपून चालवावी. साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर त्यांच्यावर असतो आणि रबराच्या वरच्या पापुद्र्याला खडीची ओळख व्हायची असते. तीनशे ते पाचशे किलोमीटर सौम्यपणे, एकदम ब्रेक किंवा एकदम वेग न घेता चालवल्यावर टायर त्याची खरी पकड दाखवू लागतो. पुढे गाडी उभी राहणार असेल, तर तिला सावलीत ठेवावं, बाजूला वेल्डिंग मशीन किंवा मोठी मोटर नसावी, कारण त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. आठवड्यातून एकदा तिला बाहेर काढून वीसेक किलोमीटर फिरवावं, म्हणजे चाकं त्याच जागी टेकून चपटी होणार नाहीत आणि आतलं मेण पृष्ठभागापर्यंत येत राहील.